परत सांगा

मुलांनो, एक प्रश्न विचारते. अगदी खरं उत्तर द्यायचं हं! तुमच्या वर्गात कुणी तुमच्यापेक्षा वेगळं बोललं, म्हणजे 'पाणी'ला 'पानी' म्हणालं किंवा 'मला'च्या जागी 'मले' म्हणालं, तर तुम्ही हसता का? लगेच मान खाली घालू नका. कारण या गोष्टीत सगळ्यांत आधी मान खाली घालायची आहे ती मला. तुमच्यासारख्याच मुलांना शिकवणाऱ्या एका बाईला!

मी एका गावातल्या प्राथमिक शाळेत चौथीला शिकवते. डी. एड. होऊन नोकरीला लागले, त्याला आता बारा वर्षं झाली. आमच्या शाळेत आम्ही एकमेकींना नावानं कमी आणि वर्गानं जास्त ओळखतो. पहिलीच्या बाई, तिसरीच्या बाई आणि चौथीची मी अशा आम्ही तिघी मैत्रिणी. गेल्या दिवाळीत भाऊबीज झाली आणि दुसऱ्याच दिवशी आम्ही फराळाच्या पुड्या पिशवीत भरून निघालो. कुठे? तर थेट तंजावरला!

तंजावरचं नाव तुम्ही इतिहासाच्या पुस्तकात वाचलं असेल. तमिळनाडूत कावेरी नदीच्या सुपीक खोऱ्यात हे शहर आहे. शिवाजी महाराजांचे सावत्र भाऊ व्यंकोजीराजे यांनी १६७५ च्या सुमारास तिथे आपलं राज्य स्थापन केलं आणि १८५५ पर्यंत तिथे भोसल्यांची गादी होती. म्हणजे जवळजवळ १८० वर्षं! राजांबरोबर कारकून गेले, सैनिक गेले, कीर्तनकार गेले, स्वयंपाकी गेले. राज्य संपलं, पण ही माणसं परत आली नाहीत. ती तिथलीच झाली.

चेन्नईहून रात्रीच्या गाडीत बसलो आणि पहाटे उतरलो. खिडकीतून बघावं तिकडे भातखाचरं, कालवे आणि नारळाची झाडं. शहर फार मोठं नाही. स्टेशनाबाहेर मोगऱ्याचे गजरे विकायला बसलेल्या बायका आणि गरम इडलीचा वास. आम्हांला तर सांगलीमिरजेकडल्या एखाद्या गावात उतरल्यासारखं वाटलं. फक्त पाट्या वाचता येत नव्हत्या! मुलांनो, वाचता न येणं म्हणजे काय, ते तिथे कळलं. पहिलीत नवीन आलेलं मूल फळ्याकडे जसं बघतं ना, तशा आम्ही तिघी शिक्षिका दुकानांच्या पाट्यांकडे बघत होतो.

सकाळी राजवाड्यातलं सरस्वती महाल ग्रंथालय पाहिलं. नायक राजांच्या काळापासून तिथे पोथ्या जमत होत्या. दुसऱ्या सरफोजीराजांनी मात्र तो संग्रह खूप वाढवला. ताडाच्या पानांवर कोरलेल्या पोथ्या, मोडी कागदपत्रं, निरनिराळ्या भाषांतली पुस्तकं, असा खजिना आहे तो. या सरफोजीराजांनी देवनागरी अक्षरांचा छापखाना काढला होता. १८०६ साली तिथे काय छापलं, ठाऊक आहे? 'बालबोधमुक्तावली'! म्हणजे मराठीतली इसापनीती. पुण्यात पेशवाई चालू होती, तेव्हा तंजावरला मुलांसाठी मराठीत कोल्ह्या-सिंहाच्या गोष्टी छापल्या जात होत्या. हे वाचून आमची छाती फुगली. "बघा, आपली मराठी कुठवर पोचली होती!" असं आम्ही एकमेकींना दहा वेळा तरी सांगितलं असेल.

फुगलेली छाती घेऊनच आम्ही संध्याकाळी बृहदीश्वराच्या देवळात गेलो. राजराज चोळ राजानं बांधवलेलं हे देऊळ १०१० साली पूर्ण झालं. तेरा मजली दगडी शिखर, उंची २०० फुटांहून जास्त, आणि सगळं ग्रॅनाइटसारख्या कठीण दगडात. या शिखराची सावली जमिनीवर पडत नाही, असं पुष्कळ जण सांगतात. तिसरीच्या बाई फार चौकस. त्यांनी ढगांआडून ऊन येण्याची वाट पाहिली आणि म्हणाल्या, "ही काय, पडली की सावली!" तेव्हा मुलांनो, ऐकलेली गोष्ट स्वतः पडताळून पाहायची, बरं का.

देवळाचं आवार आपल्या शाळेची पाचपंचवीस मैदानं सहज मावतील एवढं वाटतं. संध्याकाळी गावातली माणसं तिथे नुसती येऊन बसतात. आजीआजोबा गप्पा मारतात, पोरं शिवाशिवी खेळतात. आम्हीही पाय मोकळे करत होतो, तेवढ्यात आभाळ गडगडलं. आपल्याकडे दिवाळीपर्यंत पाऊस संपलेला असतो. तिकडे मात्र ईशान्य मोसमी वाऱ्यांचा पाऊस त्याच सुमारास जोर धरतो. भूगोलात हे मी दरवर्षी शिकवते, पण छत्री न्यायला विसरले! टपोरे थेंब आले आणि सगळी माणसं आवाराच्या कडेच्या ओवऱ्यांकडे पळाली. त्यांच्यामागून आम्ही.

पदर झटकत उभ्या होतो, तर पहिलीच्या बाईंनी मला एकदम कोपरानं ढोसलं. "अहो, हे बघा! मराठी!"

खरंच की! भिंतीवर देवनागरी अक्षरं कोरलेली होती. दिवसभर परक्या अक्षरांत फिरल्यावर ती ओळखीची अक्षरं बघून डोळ्यांत पाणीच आलं. हा तो प्रसिद्ध शिलालेख. सरफोजीराजांनी १८०३ साली भोसले घराण्याचा सगळा इतिहास मराठीत या देवळाच्या भिंतीवर कोरून घेतला आहे. हा लेख एवढा मोठा आहे की, चालत चालत वाचावा लागतो. मी बोट फिरवत एकेक अक्षर लावू लागले. "श... हा... जी... शहाजी!"

मागून आवाज आला, "तुमी मऱ्हाटी की काय?"

वळून बघितलं. पांढरं वेष्टी नेसलेले, कपाळाला विभूती लावलेले एक आजोबा आणि त्यांचं बोट धरून उभी असलेली नऊदहा वर्षांची एक मुलगी. तिच्या दोन वेण्यांत गजरा होता आणि हातात पूजेची परडी. दिसायला अगदी तिथली. पण आजोबा बोलत होते ते मराठी! चाल तमिळची, शब्द आपले. "आमी पण मऱ्हाटी. घरांत मऱ्हाटी बोलतों. बाहेर तमिळ. कोठून आलांत?"

आम्हांला काय आनंद झाला म्हणून सांगू! तिघी एकदम बोलायला लागलो. आजोबांनी सांगितलं, त्यांच्या किती पिढ्या तिथे झाल्या ते त्यांनाही मोजता येत नाही. महाराष्ट्र त्यांनी पाहिलेला नाही. घरी अजून डांगर करतात. उडदाच्या पिठात दही कालवून करतात ते. तिकडे त्याला 'डांगर पचडी' म्हणतात. आम्ही म्हटलं, "आमच्याकडेही डांगर करतात!" आजोबा लहान मुलासारखे हसले.

मग मी त्या मुलीकडे वळले. "बाळ, तुलाही मराठी येतं का गं?"

तिनं मान डोलावली आणि मोठ्या उत्साहानं सांगायला लागली, "येतें! माझा शाळा लांब आहे. मी बसनी जातें. माझा शाळा..."

आणि आम्ही तिघी हसलो.

खरंच सांगते, आमच्या मनात वाईट काही नव्हतं. 'माझा शाळा' ऐकून गंमत वाटली, एवढंच. पण सगळ्यांत आधी हसले ती मीच. आणि नुसतं हसून थांबले नाही. बारा वर्षांची सवय! तोंडातून लगेच आलं, "माझा नाही गं, माझी शाळा."

मुलगी गप्प झाली. उत्साहानं वर केलेला हात खाली आला आणि ती आजोबांच्या मागे सरकली. मी विचारलं, "कितवीत आहेस?" तिनं उत्तर दिलं, पण आजोबांना, आणि तमिळमध्ये.

आजोबा रागावले नाहीत. शांतपणे म्हणाले, "तमिळांत शाळा बाई नव्हे, पुरुष नव्हे. शाळा म्हणजे शाळा." मग जरा थांबून त्यांनी विचारलं, "तुमच्याकडे शाळा बाई कशी जाली?"

मुलांनो, मला उत्तर देता आलं नाही! तुम्हीच विचार करून बघा. शाळा ती, वर्ग तो, आणि पुस्तक ते. का? तमिळमध्ये निर्जीव वस्तूंना 'तो' आणि 'ती' लावतच नाहीत. म्हणजे ती मुलगी चुकत नव्हती. दोन भाषांचा भार एकाच वेळी डोक्यावर घेऊन चालत होती. आम्ही मात्र एकाच भाषेत आरामात बसून तिला हसलो होतो.

पण माझ्या पोटात खड्डा पडला तो दुसऱ्याच कारणानं. त्या मुलीचा तो चेहरा मी आधी पाहिला होता. माझ्याच वर्गात.

जून महिन्यात माझ्या वर्गात एक मुलगा नवीन आला. वडिलांची बदली झाली म्हणून धुळ्याकडून आलेला. घरी अहिराणी बोलणारा. आल्यावर तिसऱ्याच दिवशी मी भागाकार शिकवत होते. शिकवून झाल्यावर नेहमीप्रमाणे विचारलं, "कुणाला समजलं नाही?" चाळीस मुलांत एकट्यानं हात वर केला. तो उभा राहून म्हणाला, "बाई, माले समजनं नही."

सगळा वर्ग हसला. मीही हसले. आणि म्हटलं, "'माले' नाही, 'मला'. 'समजनं नही' नाही, 'समजलं नाही'. म्हण बघू नीट!" त्यानं ते खालच्या आवाजात म्हटलं. मी "शाब्बास" म्हणून त्याला खाली बसवलं आणि पुढचं गणित घेतलं.

लक्षात आलं का तुमच्या? त्याला भागाकार समजला नव्हता. आणि मी त्याला भागाकार सोडून दुसरंच शिकवून खाली बसवलं. त्यानंतर त्या मुलानं वर्गात एकदाही हात वर केला नाही. "समजलं का?" म्हटलं की सगळ्यांबरोबर मान हलवायचा. सहामाही परीक्षेत त्याच्या पेपरात भागाकाराची सगळी गणितं कोरी होती. मी लाल शाईनं शेरा दिला, 'लक्ष देत नाही'.

तंजावरच्या त्या ओवरीत, बाहेर पाऊस कोसळत असताना, तो लाल शेरा मला डोळ्यांपुढे दिसायला लागला.

काय करावं सुचेना. 'सॉरी' म्हणणं सोपं होतं, पण त्यानं ती मुलगी बोलती झाली नसती. तिच्या परडीत नारळाच्या कवडीशेजारी दोन केळी होती. मी तिच्यासमोर उकिडवी बसले आणि केळ्याकडे बोट दाखवून विचारलं, "याला तमिळमध्ये काय म्हणतात? मला शिकवशील?"

तिनं आजोबांकडे पाहिलं. मग हळूच म्हणाली, "वाळैप्पळम."

आता गंमत अशी की, लिहिताना मी 'ळ' लिहिला आहे, पण तो आपला 'ळ' नव्हे. 'तमिळ' या शब्दातला 'ळ'ही तसाच. जीभ मागे वळवायची, पण टाळूला टेकवायची नाही, असा तो एक वेगळाच उच्चार आहे. मी म्हटलं, "वाळप्पलम."

मी थांबले. आता ही हसणार. हसायलाच हवं होतं तिनं. पण तिनं फक्त मान हलवली आणि म्हणाली, "परत सांगा."

मी परत सांगितलं. पुन्हा चूक. "परत सांगा." तोंड उघडून तिनं जीभ कशी वळवायची ते दाखवलं. पहिलीच्या बाई आणि तिसरीच्या बाईही बसल्या. आता आम्ही तिघी विद्यार्थिनी आणि ती आमची बाई! एकदा नाही, दोनदा नाही, सातव्या की आठव्या वेळी माझा उच्चार जरा जवळपास आला, तेव्हा तिनं टाळी वाजवली. एवढ्या वेळात ती एकदाही हसली नाही. मुलांनो, डी. एड. ला दोन वर्षं मी शिकवायचं कसं ते शिकले. पण त्या पंधरा मिनिटांत जे शिकले, ते राहूनच गेलं होतं.

मग तिनं भिंतीकडे बोट केलं. "अक्का, तें वाचा की."

तेव्हा आम्हांला कळलं की, आजोबांना आणि तिला मराठी बोलता येतं, पण वाचता येत नाही. तमिळनाडूतल्या सरकारी शाळांत तमिळ आणि इंग्रजी या दोनच भाषा शिकवतात. देवनागरी अक्षरांशी तिची गाठ पडलेलीच नव्हती. आजोबा म्हणाले, "माजे आजोबा वाचीत असत. मी लहानपणीं ऐकलें होतें. नंतर कोणी वाचलें नाहीं."

मी वाचायला सुरुवात केली. सोपं नव्हतं हो! दोनशे वर्षांपूर्वीची भाषा, अक्षरांची वळणं जुनी, शब्द एकमेकांना चिकटलेले. मी अडखळायची, दोन दोनदा मागे जायची. अक्षरं मला लागायची, पण एखादा शब्द अडला की आजोबा मागून त्याचा अर्थ सांगायचे, कारण तो जुना शब्द त्यांच्या घरात अजून रोज बोलला जात होता. अक्षरं आमची आणि अर्थ त्यांचा, असं करत आम्ही चारपाच ओळी वाचल्या. आजोबा भिंतीला हात टेकून, डोळे मिटून ऐकत होते. मी चुकत होते, तरी कुणी हसलं नाही.

पाऊस थांबला तेव्हा दिवे लागले होते. ओल्या दगडी फरशीवर शिखराचं प्रतिबिंब पडलं होतं. आजोबा आम्हांला आग्रहानं देवळाजवळच्या एका छोट्या हॉटेलात घेऊन गेले. पितळी पेल्यात वाफाळती कॉफी आली. पेल्यातून वाटीत आणि वाटीतून पेल्यात ओतून ती निववायची. मुलीनं तेही आम्हांला शिकवलं. पैसे आम्हांला देऊ दिले नाहीत. "पाहुणे देत नसतात," आजोबा म्हणाले. मी माझ्या वहीच्या पानावर तिचं नाव देवनागरीत लिहून दिलं, तिनं माझं नाव तमिळमध्ये लिहिलं. तमिळ लिपीत आपल्या क, ख, ग, घ या चौघांना मिळून एकच अक्षर आहे, हेही तिच्याचकडून कळलं. निघताना तिसरीच्या बाईंनी पिशवीतून चकलीची पुडी काढून तिच्या हातात ठेवली. ती ओरडली, "मुरुक्कु!" मग आमच्याकडे बघून म्हणाली, "चकली."

आम्ही तिघींनी तिथल्या तिथे म्हणून पाहिलं, "मुरुक्कु." तिनं मान डोलावली. पास!

लॉजवर परतताना आम्ही फारसं बोललो नाही. सकाळची फुगलेली छाती कधीच बसली होती. शिलालेखाचा अभिमान आम्हांला होता, तो असायलाच हवा. पण तीच भाषा जिवंत होऊन समोर आली, तेव्हा आम्ही तिला हसलो. घरची गोष्ट तरी काय वेगळी? बहिणाबाई चौधरींच्या खानदेशी बोलीतल्या कविता आम्ही मुलांकडून पाठ करून घेतो, चालीत म्हणून दाखवतो. आणि खानदेशातून आलेलं पोर वर्गात उभं राहून त्याच्या बोलीत बोललं, की त्याला खाली बसवतो.

शाळा सुरू झाली. पहिल्याच दिवशी मी मुलांना सगळी हकीकत सांगितली. मी हसले ते सांगितलं, आणि जून महिन्यातलंही सांगितलं. वर्ग एकदम चिडीचूप. तो मुलगा पाटीकडे बघत बसला होता. मी म्हटलं, "माझं चुकलं. आजपासून आपल्या वर्गात कुणालाही, कोणत्याही बोलीत 'समजलं नाही' म्हणता येईल. ऐकणाऱ्याला कळलं नाही, तर त्यानं हसायचं नाही. 'परत सांग' म्हणायचं."

तुम्हांला वाटेल, त्यानं लगेच हात वर केला असेल. नाही. पाच महिने मिटलेलं तोंड एका भाषणानं उघडत नाही. पहिला आठवडा गेला. दुसरा गेला. तिसऱ्या आठवड्यात एकदा मधल्या सुट्टीत मी वह्या तपासत होते, तेव्हा तो टेबलाशी येऊन उभा राहिला. वही पुढे सरकवली. आणि अगदी हळू म्हणाला, "बाई, माले हाई समजनं नही."

मी यावेळी व्याकरणाला हात लावला नाही. खुर्ची जवळ ओढली आणि आम्ही भागाकार केला. एक चुकला, दुसरा चुकला, तिसरा बरोबर आला. प्रमाण मराठी तो शिकेलच. ती त्याला यायलाच हवी, कारण पुस्तकं त्या भाषेत आहेत, आणि ती शिकवणं माझं कामच आहे. पण घरची भाषा पुसून ती शिकवायची नसते. शेजारी लिहायची असते. भिंतीवरच्या लेखाशेजारी आजोबांचा अर्थ होता ना, तशी. त्याच्या सहामाहीच्या पेपरावरचा तो लाल शेरा मी खोडला आहे. त्याखाली सही माझीच आहे.

आणि आईबाबांनो, हा अंक तुम्हीही वाचता, म्हणून तुमच्यासाठी एक वाक्य. घरात आजी गावाकडचं बोलते म्हणून मुलांसमोर तिला दुरुस्त करू नका. तिच्याकडचे शब्द कुठल्या भिंतीवर कोरलेले नाहीत.

मुलांनो, आता तुमचं काम. उद्या वर्गात कुणी वेगळं बोललं, तर हसू येईल. आलं तर गिळा. आणि त्या मुलीनं मला म्हटलं होतं, तसं त्याला प्रेमानं म्हणा, "परत सांग."